13 मिनिटांचं काम

शनिवार, 11 मे 2024. रात्री 11 वाजून 47 मिनिटांनी गडहिंग्लजला माझ्या भावाच्या घरातला संगणक कायमचा बंद पडला. त्यात 1 टीबीची हार्ड डिस्क होती. वहिनींनी 2016 पासून गोळा केलेलं चंदगडी बोलीचं ध्वनिमुद्रण त्या डिस्कवर होतं. 29 गावं, 63 माणसं, 118 तास. दुसरी प्रत नव्हती.

त्याआधी त्याच दिवशी तो चार वेळा बंद पडला होता. दुरुस्ती मी करत होतो, पुण्यात बसून, फोनवरून. पुढच्या वेळा माझ्या फोनमधल्या कॉलच्या नोंदी, व्हॉट्सॲपचे मेसेज आणि विंडोजच्या इव्हेंट लॉगमधून घेतल्या आहेत.

सकाळी 10.20 (13 तास 27 मिनिटं आधी)

हा संगणक 2022 मध्ये वहिनींच्या कामासाठी जोडून घेतलेला. आय5-12400एफ प्रोसेसर, 16 जीबी रॅम, विंडोजसाठी 256 जीबीचा एसएसडी, बाकी सगळ्यासाठी हार्ड डिस्क. ग्राफिक्स कार्ड साधं, जीटी 710, फक्त 19 वॉटचं. वीज पुरवणारा एसएमपीएस कॅबिनेटसोबतच आलेला. दोन वर्षं कसलीही तक्रार नव्हती.

त्या दिवशी माझ्या 18 वर्षांच्या पुतण्याने ते कार्ड काढून सेकंड हँड आरटीएक्स 3060 बसवलं. हे कार्ड 170 वॉट घेतं. त्याला 8 पिनांची वेगळी वायर लागते, ती जुन्या एसएमपीएसला नव्हती. दुकानातून कन्व्हर्टर आणला. त्याची दोन टोकं हार्ड डिस्कच्या जुन्या चार पिनी प्लगांना जोडली, तिसरं कार्डात बसवलं.

आरटीएक्स 3060 साठी किमान 550 वॉटचा सप्लाय असावा, असं एनव्हिडिया सांगते. कंपनीच्या साइटवर ते लिहिलेलं आहे. मी ते पान उघडलं नाही.

सकाळी 10.34 (13 तास 13 मिनिटं आधी)

पुतण्याने उघड्या कॅबिनेटचा फोटो पाठवला. "बरोबर जोडलंय का बघा काका." फोटोत एसएमपीएसचं लेबल स्पष्ट दिसतं. वर ठळक आकडा आहे, 450 वॉट. खाली बारीक अक्षरांत तक्ता आहे. मी वरचा आकडा वाचला आणि अंगठा पाठवला.

सकाळी 11.35 (12 तास 12 मिनिटं आधी)

सायबरपंक 2077 सुरू करून 22 मिनिटं झाली होती. संगणक बंद पडला. पॉवरचं बटण दाबलं, काही होईना. मागचा खटका बंद करून थोड्या वेळाने चालू केला, तेव्हा सुरू झाला.

सकाळी 11.48 (11 तास 59 मिनिटं आधी)

"काका, गेम खेळताना पीसी बंद पडला की."

"निळी स्क्रीन आली होती काय?"

"नाही. खट्ट करून सगळंच गेलं. पंखे पण."

"घरातली लाइट गेली होती?"

"लाइट होती की. वरचा फॅन चालू होता."

निळी स्क्रीन येते तेव्हा विंडोजला बिघाड कळलेला असतो. काय बिघडलं ते लिहून ठेवायला त्याला वेळ मिळालेला असतो. काहीच न दिसता एका क्षणात सगळं थांबतं, तेव्हा बहुतेक वेळा वीजच तुटलेली असते. मागचा खटका बंद-चालू केल्याशिवाय संगणक उठत नाही, तेव्हा एसएमपीएसने स्वतःला वाचवायला पुरवठा तोडलेला असण्याची शक्यता मोठी. हे दोन्ही मला त्या दिवशीही माहीत होतं. मी म्हणालो, "नवीन कार्ड आहे, ड्रायव्हरचा घोळ असेल."

दुपारी 12.30 (11 तास 17 मिनिटं आधी)

सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर मुळापासून काढला. नवा उतरवला. यात 40 मिनिटं गेली. एवढ्या वेळात संगणक एकदाही बंद पडला नाही.

दुपारी 1.15 (10 तास 32 मिनिटं आधी)

वहिनी कामाला बसल्या. 2017 मधलं एक मुद्रण त्या लिहून काढत होत्या. चंदगड तालुक्यातल्या 81 वर्षांच्या एक आजी भाताच्या जातींची नावं बोटांवर मोजत सांगतात. एकूण 17 नावं. मध्येच त्या थांबतात, एका नावापाशी परत येतात, तो भात कुठल्या वाफ्यात यायचा ते सांगतात. मागे कुणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज आहे.

40 मिनिटांत 9 नावं टाइप झाली. मग जेवणं. फाइल त्याच हार्ड डिस्कवर सेव्ह झाली.

या 40 मिनिटांतही संगणक नीट चालला. टाइप करताना आणि आवाज ऐकताना नव्या कार्डाला जवळजवळ काही काम नसतं. आम्ही अर्थ काढला की ड्रायव्हर बदलल्याने बिघाड गेला.

दुपारी 2.25 (9 तास 22 मिनिटं आधी)

दुसऱ्यांदा बंद. या वेळी खेळ 17 मिनिटं चालला.

दुपारी 2.40 (9 तास 7 मिनिटं आधी)

दुरून संगणक चालवू देणाऱ्या एनीडेस्कवरून मी स्वतः आत गेलो. इव्हेंट व्ह्यूअर उघडला. दोन लाल नोंदी होत्या, सकाळी 11.35 आणि दुपारी 2.25 च्या बंद पडण्याच्या. दोन्ही कर्नल-पॉवर, क्रमांक 41. संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढाच या क्रमांकाचा अर्थ. तो आम्हाला आधीच ठाऊक होता.

तपशिलाचं पान उघडलं की तिथे बगचेककोड नावाची ओळ असते. निळी स्क्रीन आलेली असेल तर तिचा कोड सहसा तिथे पडतो. दोन्ही नोंदींत त्या ओळीत 0 होतं. म्हणजे विंडोज कोसळलं असं धरायला काही आधार नव्हता, बोट विजेकडे जात होतं. मी तपशिलाचं पान उघडलं नाही.

दुपारी 3.10 (8 तास 37 मिनिटं आधी)

पुतण्याने विचारलं, "काका, आईचं रेकॉर्डिंगचं फोल्डर पोर्टेबल डिस्कवर टाकून ठेवू काय?"

पोर्टेबल डिस्क टेबलाच्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये होती. फोल्डर 75 जीबीचं. यूएसबी 3.0 वर सेकंदाला साधारण 100 एमबी जातात. 75 हजार एमबीला 750 सेकंद लागतात, म्हणजे साडेबारा मिनिटं. 13 धरू.

मी म्हणालो, "आत्ता नको. मध्येच बंद पडला तर कॉपी अर्धवट राहील. आधी मशीन नीट होऊ दे."

संगणक फक्त खेळताना बंद पडत होता. फाइली कॉपी करताना कार्डावर भार येत नाही. अर्धवट कॉपी झाली असती, तरी जेवढी झाली तेवढी उरली असती. त्या वेळी मी हा विचार केला नाही. पुतण्याने ड्रॉवर लावला.

दुपारी 3.30 (8 तास 17 मिनिटं आधी)

आता संशय उष्णतेवर. मे महिना, पश्चिमेची खोली. कॅबिनेटची बाजू काढली, ब्रशने धूळ झाडली, टेबल फॅन लावला. तापमान आणि व्होल्टेज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो सुरू केलं आणि खेळ लावला.

प्रोसेसर 66 अंश, मर्यादा 100. कार्ड 72 अंश, मर्यादा 93. उष्णतेचा प्रश्न नव्हता. मी त्या खिडकीचा स्क्रीनशॉट घेतला. तो अजून आहे.

त्याच स्क्रीनशॉटमध्ये, तापमानाच्या ओळींखाली, 12 व्होल्टच्या लाइनचा आकडा आहे: 11.47. प्रोसेसर, कार्ड आणि डिस्कची मोटर या लाइनवर चालतात. संगणकाच्या सप्लायसाठी ठरलेल्या एटीएक्स मानकानुसार ही लाइन 12 व्होल्टच्या 5 टक्के वर-खाली चालते, म्हणजे 11.40 ते 12.60. लाइन कडेला आली होती. मी तापमान पाहत होतो.

दुपारी 4.05 (7 तास 42 मिनिटं आधी)

तिसऱ्यांदा बंद. 11 मिनिटांत.

22, 17, 11. हे तीन आकडे मी आज एका ओळीत लिहितो आहे. त्या दिवशी ते तीन वेगवेगळ्या कॉलमध्ये होते.

दुपारी 4.40 (7 तास 7 मिनिटं आधी)

आता संशय रॅमवर. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट86 टाकून त्यावरून संगणक सुरू केला. पूर्ण तपासणीला 2 तास 25 मिनिटं लागली.

संध्याकाळी 7.05 (4 तास 42 मिनिटं आधी)

रॅममध्ये चुका 0. विंडोज पुन्हा सुरू केलं. यानंतर रात्री 11.20 पर्यंत, 4 तास 15 मिनिटं, संगणक कुठलंही काम न करता चालू होता. एवढ्या वेळात ते फोल्डर 19 वेळा कॉपी झालं असतं.

संध्याकाळी 7.30 (4 तास 17 मिनिटं आधी)

पुतण्याने दुकानदाराला फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य सांगितलं. "एसएमपीएस बदलून बघायला पाहिजे, पण आता दुकान लावतोय, उद्या बंद, सोमवारी सकाळी या."

दिवसभरात झालेलं हे पहिलं बरोबर निदान. पुतण्याने ते मला जसंच्या तसं सांगितलं.

कार्ड विकणाऱ्याने परत घ्यायची मुदत रविवारी दुपारपर्यंत दिली होती. दोष कार्डाचा निघाला, तर सोमवारपर्यंत थांबण्यात पैसे बुडणार होते. म्हणून कार्डाची परीक्षा आजच करायची असं ठरलं. ठरवलं मी.

रात्री 8.15 (3 तास 32 मिनिटं आधी)

पुतण्याचा मेसेज: "मागून जळल्यासारखा वास येतोय थोडा. कन्व्हर्टरचा पांढरा प्लग कडेला तपकिरी झालाय." सोबत फोटो.

मी बाहेर होतो. मेसेज 9.05 ला पाहिला.

रात्री 9.05 (2 तास 42 मिनिटं आधी)

फोटोत तो प्लग आहे. चार पिनांपैकी पिवळ्या वायरच्या पिनेभोवतीचं प्लॅस्टिक चहाच्या डागाएवढं तपकिरी झालेलं आहे. पिवळी वायर म्हणजे 12 व्होल्ट. त्या पिनेतून सोसवणार नाही इतका करंट जात होता, किंवा पीन ढिली बसली होती. दोन्हींत करायची गोष्ट एकच असते, खटका बंद करून प्लग काढायचा.

मी लिहिलं, "प्लग दाबून नीट बसव. धूळ जळल्याचा वास असेल."

रात्री 10.50 (57 मिनिटं आधी)

मी पुन्हा एनीडेस्कवर. फर्मार्क उतरवून घेतलं. ग्राफिक्स कार्डाला पूर्ण ताकदीने राबवायला लावणारा हा प्रोग्रॅम आहे. खेळात कार्डावरचा भार कमीजास्त होत राहतो. इथे तो सलग राहतो.

फोन वहिनींनी घेतला. "भाऊजी, आता राहू द्या. दिवसभर चाललंय. सोमवारी बघू."

"वहिनी, एकदाच. पंधरा मिनिटांचं काम आहे."

रात्री 11.20 (27 मिनिटं आधी)

फर्मार्क सुरू. 11.24 ला संगणक बंद पडला. चौथी वेळ, चार मिनिटांत.

रात्री 11.31 (16 मिनिटं आधी)

मागचा खटका बंद करून चालू केला. संगणक उठला नाही. पुन्हा केला, पंखा अर्धा फेरा फिरून थांबला. तिसऱ्यांदा सुरू झाला.

पुतण्याने विचारलं, "बस झालं काय काका?"

मी म्हणालो, "कार्ड पूर्ण भारावर किती गरम होतं ते एकदा नोंदवू. विकणाऱ्याला दाखवायला लागेल."

रात्री 11.43 (4 मिनिटं आधी)

फर्मार्क दुसऱ्यांदा सुरू. 12 व्होल्टची लाइन 11.21 वर. कार्ड 74 अंश. मी विकणाऱ्यासाठी 74 हा आकडा लिहून घेतला.

रात्री 11.47

माझ्या पडद्यावरचं चित्र गोठलं. फोन चालू होता. फोनमधून फटाका फुटल्यासारखा एक आवाज आला, मग काहीच नाही. कॅबिनेटच्या मागच्या जाळीतून उजेड दिसला, असं पुतण्या सांगतो. एमसीबी पडला. घर अंधारात गेलं.

वहिनींनी पहिल्यांदा विचारलं, "तुला काही झालं नाही ना रे?" त्याला काही झालं नव्हतं.

रविवार, 12 मे

सकाळी मित्राकडून दुसरा एसएमपीएस आणून जोडला. मदरबोर्ड उठला नाही. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली. ती फिरली नाही. तिच्या हिरव्या पाटीवर, वीज आत येते त्या जागी, दोन बारीक भाग काळे पडले होते. एसएमपीएसने मरताना जे व्होल्टेज सोडलं, ते डिस्कपर्यंत पोचलं होतं.

एसएसडी शाबूत निघाला. त्यावर विंडोज होतं आणि खेळ होता.

पुढचे तीन आठवडे

डिस्क पुण्यात डेटा परत मिळवून देणाऱ्या लॅबमध्ये दिली. पाटी बदलली, तिच्यावरची मूळ चिप उतरवून नव्या पाटीवर लावली. डिस्क फिरली, पण वाचेना. आत हेडजवळ सिग्नल वाढवणारी चिप असते, तीही जळली होती. दुसऱ्या डिस्कची हेडं आणून दोनदा बसवली. तरीही संगणकाला डिस्कची ओळख पटली नाही. तिसऱ्यांदा उघडण्यात अर्थ नाही, असं त्यांनी सांगितलं.

रेकॉर्डरच्या मेमरी कार्डावर शेवटच्या फेरीचे 6 तास सापडले. बाकीची कार्डं प्रत्येक फेरीनंतर पुसून पुन्हा वापरलेली होती. 118 पैकी 112 तास गेले.

लेबल

जळालेला एसएमपीएस मी पुण्याला आणला. लेबलावर वर 450 वॉट आहे. खालच्या तक्त्यात 12 व्होल्टच्या लाइनपुढे 16 अँपिअर आहे. 12 गुणिले 16 म्हणजे 192 वॉट. 450 हा सगळ्या लाइन मिळूनचा आकडा आहे. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टवर घेतात. कार्ड एकटं 170 वॉटचं. प्रोसेसर पूर्ण जोरात असला तर त्याची मर्यादा 117. बेरीज 287. पंखे आणि डिस्क अजून धरलेली नाही.

हा गुणाकार सकाळी 10.34 च्या फोटोवरून करता आला असता. बगचेककोडचा 0 दुपारी 2.40 ला वाचता आला असता. 11.47 व्होल्ट साडेतीननंतर पडद्यावर होते. साडेसातला दुकानदाराने नाव घेऊन सांगितलं होतं. सव्वाआठला प्लगचा फोटो आला होता. संगणकाने दिवसभर काहीही लपवलं नाही.

यातलं काहीच कळलं नसतं, एसएमपीएस तसाच फुटला असता, तरी मुद्रणं वाचली असती. त्यासाठी बिघाड ओळखायची गरज नव्हती. 3.10 ला "टाक" एवढंच म्हणायचं होतं. मुलाने विचारलं होतं.

वहिनींनी जूनमध्ये पुन्हा गावं धरली. 63 पैकी 22 माणसं आता हयात नाहीत. भाताच्या जाती सांगणाऱ्या आजी त्यांपैकी एक. त्यांनी सांगितलेल्या 17 नावांपैकी 11 वहिनींना आठवतात. 6 आठवत नाहीत.

तुमच्या घरातला संगणक काही न सांगता एकदा जरी आपोआप बंद पडला, तर ड्रायव्हर, धूळ, रॅम हे सगळं नंतर पाहा. तो पुन्हा सुरू झाला की पहिलं काम एकच: जे परत मिळणार नाही त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा, ती डिस्क काढून बाजूला ठेवा, आणि मगच कारण शोधायला बसा. 75 जीबीला 13 मिनिटं लागतात.